नव्या जन्माची तारीख

जय ख्रिस्त, ताई.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. ज्यांना हाच प्रश्न पडतो त्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून तो आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही चौथ्या पिढीच्या ख्रिस्ती. तान्ह्या असताना बाप्तिस्मा झाला, शाळेत असताना दृढीकरण (आपला विश्वास स्वतः कबूल करण्याचा विधी) झालं, नाइट ड्यूटी नसली तर रविवारची उपासना चुकत नाही. सरकारी रुग्णालयाच्या प्रसूती विभागात तुम्ही सिस्टर आहात. सोबत काम करणाऱ्या, दुसऱ्या मंडळीत (चर्चमध्ये) जाणाऱ्या एका भगिनीने विचारलं, "तुमचा नवा जन्म कधी झाला? तारीख सांगा." तुम्हाला सांगता आली नाही. त्या म्हणाल्या, तारीख ठाऊक नाही म्हणजे जन्मच झालेला नाही, पुन्हा बाप्तिस्मा घ्या. तेव्हापासून तुमची झोप उडाली आहे. शेवटी तुम्ही लिहिलंय, "माझं तारण झालंय की मी फक्त ख्रिस्ती घरात जन्मले?"

नगर जिल्ह्यात मी पस्तीस वर्षं पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू होतो. हा प्रश्न माझ्याकडे घेऊन येणारी माणसं बहुतेक वेळा तीच असतात ज्यांना प्रभूची खरी ओढ असते. ज्यांना ओढ नाही त्यांना असल्या प्रश्नाने झोप येईनाशी होत नाही. पण एवढं सांगून तुमची समजूत काढणार नाही, कारण तुमच्या शेवटच्या वाक्यातला प्रश्न खरा आहे आणि तो प्रत्येक ख्रिस्ती घरात विचारला गेला पाहिजे.

मुळापासून बघू. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकदेम रात्री येशूकडे येतो. परूशी, यहूद्यांचा अधिकारी, इस्राएलाचा गुरू. आपल्या भाषेत सांगायचं तर धर्मशास्त्र कोळून प्यायलेला माणूस. येशू त्याला म्हणतो, "नव्याने जन्मल्यावाचून कोणालाही देवाचे राज्य पाहता येत नाही." इथे मूळ ग्रीकमध्ये 'अनोथेन' असा शब्द आहे. त्याचे दोन अर्थ होतात: 'पुन्हा' आणि 'वरून'. निकदेमाने पहिला धरला आणि म्हातारा माणूस आईच्या उदरात परत कसा जाणार, असं विचारून बसला. आपल्या मराठी शास्त्रात 'नव्याने' आलं, ते बरोबरच आहे, पण 'वरून' हा अर्थ वाचकाच्या हातून निसटतो. माझ्या मते सगळी गोष्ट त्या 'वरून'मध्ये आहे. जे वरून यायचं ते खालून कितीही ओढलं तरी येत नाही.

येशूने निकदेमाला जरा दटावलं, इस्राएलाचा गुरू असून तुला हे कळत नाही का? कारण हे त्याने वाचलेलं होतं. जुन्या करारातल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या छत्तिसाव्या अध्यायात देव म्हणतो की मी तुम्हांला नवे हृदय देईन, नवा आत्मा घालीन, पाषाणमय हृदय काढून टाकीन. क्रियापदांकडे बघा. देईन, घालीन, काढून टाकीन. प्रत्येकाचा कर्ता देव आहे. ज्याचं हृदय बदलायचं आहे तो माणूस तिथे कर्ता म्हणून एकदाही येत नाही. आपण ज्याला कृपा म्हणतो ती हीच.

आता तुमच्या कामाबद्दल बोलतो, कारण याबाबत तुम्ही माझ्याहून जास्त जाणता. तुमच्या विभागात बाळ जन्मतं तेव्हा वेळ कोण लिहितं? तुम्ही लिहिता. अमुक वाजून अमुक मिनिटं, वजन इतकं. बाळाला त्यातलं काहीच ठाऊक नसतं. मोठेपणी त्याला वाढदिवस कळतो तो दुसऱ्याने नोंद ठेवली म्हणून. एखादी बाई दवाखान्याच्या दारात रिक्षातच बाळंत होते, एखादीच्या कळा रात्रभर चालतात आणि पहाटे कधीतरी मूल बाहेर येतं. तुम्ही त्या दोन बाळांपैकी कोणतं जास्त जन्मलं असं म्हणता का? बाळ हातात आल्यावर तुम्ही बघता ते श्वास घेतंय का, रंग बदलतोय का, ओठाला लावलं की चोखतंय का.

येशूने मुद्दाम जन्माचा दाखला दिला असं मला वाटतं. तो 'नवा निश्चय' म्हणू शकला असता, 'नवं व्रत' म्हणू शकला असता. जन्म ही अशी एकच गोष्ट आहे जिच्यात जन्मणाऱ्याचं कर्तृत्व शून्य असतं, आणि कळा दुसऱ्याने सोसलेल्या असतात.

तर ताई, तारखेची नोंद देवाकडे आहे. ती तुमच्याकडे असलीच पाहिजे असं पवित्र शास्त्रात कुठेही लिहिलेलं नाही.

हे पाठ्यपुस्तकी वाटू नये म्हणून प्रेषितांची कृत्ये, अध्याय 16 उघडा. गाव फिलिप्पै. एकाच अध्यायात दोन माणसं विश्वास ठेवतात. पहिली लुदिया, जांभळ्या वस्त्रांची व्यापारी. नदीकाठी बायका प्रार्थनेला जमल्या होत्या, प्रेषित पौल बसून बोलत होता आणि प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं. ना आरडाओरड, ना अश्रू. ती आधीपासूनच देवाची उपासना करणारी होती. दुसरा बंदिशाळेचा नायक. मध्यरात्र, भूकंप, दारं उघडलेली, बंदिवान पळाले असं समजून हा स्वतःवर तलवार उपसतो आणि पौल ओरडून त्याला थांबवतो. या माणसाला मरेपर्यंत ती रात्र आठवली असणार. लुदियाला कोणी विचारलं असतं तर तिने कदाचित म्हटलं असतं, "नदीवर ऐकता ऐकता कळलं." दोघांच्या घरी प्रभू एकच.

आणि पौलाचा तरुण सहकारी तीमथ्य. तुमच्या प्रश्नाला खरं तर हाच माणूस जवळचा, घरातच विश्वास मिळालेला. पौल त्याला लिहितो की जो निष्कपट विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि तुझी आई युनीके यांच्यात होता तो तुझ्यातही आहे. कोणत्या दिवशी आला, हे पौल विचारत नाही.

तारीख असलेलेही आहेत, आणि त्यांच्यासाठी मी देवाचे आभार मानतो. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीला तर घड्याळातली वेळसुद्धा ठाऊक होती: 24 मे 1738, लंडनमधल्या अल्डर्सगेट स्ट्रीटवरची एक छोटी सभा, रात्रीचे पावणेनऊ. पौलाच्या रोमकरांस पत्रावर धर्मसुधारक ल्यूथरने लिहिलेली प्रस्तावना कोणीतरी वाचत होतं, आणि आपल्या अंतःकरणात ऊब भरली असं वेस्लीने लिहून ठेवलं. तोवर तो दहा वर्षं दीक्षित धर्मगुरू होता, अमेरिकेत मिशनरी म्हणूनही जाऊन आला होता. पण त्याची रोजनिशी पुढे वाचणाऱ्याला दिसतं की त्या रात्रीनंतरच्या काही महिन्यांतही शंका आणि कोरडेपणा त्याला सुटला नाही. तारीख हाती होती, तरी त्याला रोज नव्याने ख्रिस्ताकडेच बघावं लागलं.

आता दुसरी बाजू. मी इथेच थांबलो तर तुमचा घात करीन.

योहानाच्या पहिल्याच अध्यायात लिहिलं आहे की देवाच्या मुलांचा जन्म रक्तापासून किंवा मनुष्याच्या इच्छेपासून झाला नाही, तर देवापासून झाला. हे वाक्य महाराष्ट्रात वाचताना मला नेहमी दोन वेगळे आवाज ऐकू येतात. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 मध्ये सुरू झालं, आणि पुढच्या पिढ्यांत ज्या घरांनी बाप्तिस्मा घेतला त्यांतली बरीच घरं गावकुसाबाहेरची होती. माझं घरही त्यांतलंच. जन्म कुठे झाला यावरून पाणी कुठलं प्यायचं हे ठरायचं. 'द्विज' हा शब्द आपल्याला माहीत आहे, मुंजीने ज्याचा दुसरा जन्म होतो तो. तो दुसरा जन्म आमच्या पणज्याला मिळणं शक्यच नव्हतं, आणि ब्राह्मणाच्या घरातल्या मुलीलाही नाही. अशा माणसांच्या कानावर आलं की एक दुसरा जन्म आहे, तो रक्तावर ठरत नाही, तो देव देतो आणि मागेल त्याला देतो. पणजोबांनी ते ऐकून काय केलं हे मला घरच्यांनी सांगितलं आहे: ते बाप्तिस्म्याच्या दिवशी सरळ उभे राहिले. बाकी काही नाही, नुसते सरळ उभे राहिले.

पण तेच वाक्य आज माझ्याकडे आणि तुमच्याकडेही बोट दाखवतं. जन्म रक्तापासून नाही, म्हणजे ख्रिस्ती आईबापांच्या रक्तापासूनही नाही. ज्या दाराने पणजोबा आत आले त्याच दाराने नातवाला यावं लागतं. आडनाव, मंडळीच्या वहीतली नोंद, नाताळचा केक, गायनमंडळातली जागा, हे सगळं चांगलं आहे. पण यांतल्या कशालाही प्राण नाही.

हे मला पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात सगळ्यात स्पष्ट दिसतं. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी, संस्कृत मुखोद्गत, कलकत्त्याच्या पंडितांनी 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हणून गौरवलेली. 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे तिचा बाप्तिस्मा झाला. परत येऊन 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, पुढे ते पुण्याला नेलं. लोकांच्या नजरेत ती पक्की ख्रिस्ती होती, त्यासाठी शिव्याही खात होती. आणि तरी आपल्या साक्षीत तिने मोकळेपणाने लिहिलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन तिच्या हाती आलं. हा माणूस वर्षानुवर्षं धर्मगुरूचं काम करत होता आणि 1851 मध्ये कॉर्नवॉलमध्ये स्वतःचंच प्रवचन करता करता त्याचे डोळे उघडले. ते वाचून रमाबाईंनी स्वतःला विचारलं, माझं काय? त्यांच्या लक्षात आलं की आपण अभ्यास केला, मतं तपासली, पटलं म्हणून धर्म स्वीकारला, पण पापी म्हणून रिकाम्या हाताने त्याच्यापाशी कधी गेलोच नाही. त्या गेल्या. पुढे 1896–97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून अनाथ, विधवा मुली गोळा करून त्यांनी केडगावला आणल्या (आमच्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं), तिथे मुक्ती सदन उभं राहिलं. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल असं पवित्र शास्त्र मराठीत आणण्याच्या कामात 1922 मध्ये मरण येईपर्यंत त्या गुंतल्या होत्या.

दोन गोष्टी लक्षात घ्या. रमाबाईंनी आपल्या साक्षीत पुन्हा बाप्तिस्मा घेतल्याचं सांगितलेलं नाही. आणि आधीची आठ वर्षं फुकट गेली असंही मानलं नाही. गर्भातले महिने फुकट असतात का?

नारायण वामन टिळकांचं वेगळंच. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन माणसाने नवा करार दिला, डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते अडकले, आणि 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा झाला. ते म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. पूल म्हटलं की चालत जाणं आलं, एका ढांगेत तो ओलांडत नाहीत. लक्ष्मीबाई तर काही वर्षं दूरच राहिल्या, नंतर नवऱ्याबरोबर राहूनही सोवळंओवळं पाळत राहिल्या. जातीची गाठ त्यांच्या मनात आतून सुटत गेली, आणि मग त्या आल्या. एकाच घरात दोघं, दोन चालींनी.

तुम्ही विचाराल, मग मी रमाबाईंच्या आधीच्या आठ वर्षांत आहे की नंतरच्या, हे कसं ओळखू?

भावनांवरून ओळखू नका. डोळ्यांत पाणी आलं, अंगावर शहारे आले, हे देवाचं दानही असू शकतं आणि गाण्याच्या चालीमुळेही होऊ शकतं. योहानाने पहिल्या पत्रात जी खूण दिली आहे ती फार जमिनीवरची आहे. तो म्हणतो, आपण बंधुजनांवर प्रीती करतो यावरून आपल्याला कळतं की आपण मरणातून जीवनात आलो आहोत.

माझ्या आयुष्यात ही खूण कशी पटली ते सांगतो. सख्ख्या थोरल्या भावाशी बांधावरून माझं भांडण झालं. जेमतेम दोन हात जमीन. बोलणं बंद. मी पाळक, रविवारी प्रीतीवर प्रवचन करत होतो, आणि वहिनी बाजारात दिसली तर रस्ता बदलत होतो. असं सात वर्षं चाललं. एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी प्याला उचलला आणि हात थांबला. मत्तयातलं ते वचन, की वेदीजवळ अर्पण नेताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मी ते शेकडो वेळा वाचून दाखवलं होतं. त्या दिवशी ते मला वाचत होतं. उपासना कशीबशी संपवली, दुपारच्या एसटीने गावी गेलो. भाऊ गोठ्यात होता. मी तयार करून नेलेलं एकही वाक्य बोलता आलं नाही. "दादा, बांध तुझ्याकडे ठेव," एवढंच निघालं. तो काहीच बोलला नाही, म्हशीपुढे वैरण टाकत राहिला. मग म्हणाला, "जेवून जा."

तो माझा नवा जन्म होता का? नाही, मला वाटतं जन्म त्याच्या आधी कधीतरी झाला होता. कधी, ते मला आजही माहीत नाही. पण मेलेल्या हाताला चटका लागत नाही. मला चटका लागला, आणि जे मी सात वर्षं स्वतःच्या बळावर करू शकलो नाही ते करायला कोणीतरी मला उठवून एसटीत बसवलं. तशा खुणा तुमच्याकडे आहेत का ते बघा. पाप केल्यावर आत काही दुखतं का? लपवावंसं वाटतं, तरी शेवटी त्याच्यापाशीच बोलावंसं वाटतं का? पंधरा वर्षांपूर्वी जी माणसं सहन होत नव्हती त्यांच्यासाठी आता प्रार्थना निघते का, अडखळत का होईना? वाढ हळू असेल. गलतीकरांस पत्रात पौलाने प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता यांना आत्म्याचं फळ म्हटलं आहे, आणि फळ धरायला वेळ लागतो.

आणि समजा, शोधून पाहिलं आणि यांतलं काहीच आढळलं नाही, तर? तर घाबरून स्वतःला आणखी खोल खणत बसू नका. निकदेमाला येशूने ज्या दाखल्यापाशी आणलं तिथे या. रानात इस्राएल लोकांना साप चावले तेव्हा मोशेने पितळेचा साप खांबावर टांगला आणि ज्याने त्याच्याकडे पाहिलं तो वाचला. तसंच मनुष्याच्या पुत्राला उंच केलं पाहिजे, असं येशू म्हणतो, आणि त्यापुढेच आपलं पाठ असलेलं 3:16 येतं. पावसाळ्यात सर्पदंशाचे रुग्ण तुमच्याकडे येत असतील. विष उतरवणारं इंजेक्शन देताना तुम्ही रुग्णाला विचारता का, की त्याचा या औषधावर किती गाढ विश्वास आहे? रानातल्या त्या लोकांत कोणाची नजर स्थिर असेल, कोणाचे डोळे सुजलेले असतील, कोणी दुसऱ्याच्या खांद्यावर मान टेकून कसंबसं पाहिलं असेल. पाहिलं ते वाचले. जीव नजरेच्या जोरात नव्हता. इफिसकरांस पत्रात म्हटलंय तेच, कृपेनेच विश्वासाच्या द्वारे तारण, आणि हे तुमच्या हातून झालेलं नाही, हे देवाचं दान आहे. तुमचा विश्वास तुमची कमाई नाही. त्याने दिलेलं घ्यायला तो फक्त पुढे केलेला हात आहे, थरथरता असला तरी चालतो.

म्हणून आज रात्री इतकं करा. योहान 3 पहिल्या वचनापासून एकविसाव्यापर्यंत सावकाश वाचा, शक्य असेल तर मोठ्याने. मग स्वतःच्या शब्दांत बोला. पाठ केलेली प्रार्थना नको. "प्रभू, माझा जन्म झाला असेल तर मला वाढव, नसेल तर आज मला जन्म दे." इतकं पुरे. एखादं विशिष्ट पाप आठवलं तर त्याचं नाव घेऊन बोला, मोघम नको. पुढच्या आठवड्यात योहानाचं पहिलं पत्र एका बैठकीत वाचा, पाचच अध्याय आहेत.

आता बाप्तिस्म्याचं. याबाबत मंडळ्यांची मतं प्रामाणिकपणे वेगळी आहेत. बॅप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल बांधव म्हणतात की बाप्तिस्मा विश्वास कबूल करणाऱ्याचाच व्हावा. वसईचे कॅथलिक बांधव तान्ह्या बाळाच्या स्नानसंस्कारालाच नवा जन्म म्हणतात. आमची उत्तर भारतीय मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) 1970 मध्ये वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन तयार झाली, त्यामुळे तिच्यात तान्ह्या मुलांचा आणि प्रौढांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य आहेत, पण एकदा झालेला पुन्हा करत नाहीत. माझं मत याच बाजूचं आहे. तुम्ही तान्ह्या होतात, काही कळत नव्हतं, आणि तरी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तुमच्यावर पाणी ओतलं गेलं. तुम्ही काही करण्याआधी देवाने तुमचं नाव घेतलं, यापेक्षा कृपेचं स्पष्ट चित्र मला माहीत नाही. त्या दिवशीचं वचन आज विश्वासाने आपलं म्हणा. भीतीपोटी दुसऱ्यांदा पाण्यात उतरू नका. तारीख हवी म्हणून घेतलेल्या बाप्तिस्म्यावर उद्या दुसरा कोणी शंका घेईल, मग तिसऱ्यांदा उतराल का?

त्या भगिनीवर मात्र रागावू नका. तिला कुठेतरी, कोणत्या तरी रात्री प्रभू भेटला आहे आणि ते तिला सगळ्यांना सांगावंसं वाटतं. तिची साक्ष तिला विचारून पूर्ण ऐका. मग तुमची सांगा. निकदेमाची गोष्टही तिला सांगता येईल: तिसऱ्या अध्यायात तो प्रश्न विचारून शेवटी गप्प होतो, सातव्यात सभेपुढे येशूच्या बाजूने एक वाक्य बोलतो, आणि एकोणिसाव्यात, शिष्य पांगलेले असताना, आजच्या मापाने तीस किलोंहून जास्त गंधरस आणि अगरू घेऊन तो वधस्तंभावरून उतरवलेल्या देहाकडे येतो. मधे कोणत्या रात्री तो जन्मला, ते योहानाने लिहिलेलं नाही.